तिसरी संध्याकाळ तुझी

अव्वा,

परवा पुण्याहून नातीचा फोन आला. मे महिन्यात चार दिवस सोलापूरला येते म्हणाली, आणि लगेच विचारलं, "आजी, तेव्हा तिथं काय काय आहे? आधीच सांग, म्हणजे मी ठरवते." मला हसू आलं. उन्हाळ्यात सोलापुरात येऊन काय बघायचं यावर डोकं लावणारी आपल्या घरातली ती पहिली नव्हे, हे तिला कुठून ठाऊक असणार? मी तिला आंब्यांचं प्रदर्शन सांगितलं, मुलांच्या नाटकांचं सांगितलं, बसवजयंतीची मिरवणूक सांगितली. फोन ठेवला आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले. तुला जाऊन तीसेक वर्षं झाली. एरवी तुझ्याशी काही बोलायचं असलं तर मी मनातल्या मनात बोलते, पण या वेळी लिहावंसं वाटलं. आता यातली गंमत बघ, तुला अक्षर वाचता येत नव्हतं. घरात आलेला प्रत्येक कागद मीच तुला वाचून दाखवायचे. म्हणजे लिहून झाल्यावर हाही मलाच मोठ्यानं वाचावा लागणार.

दुष्काळाची ती दोन वर्षं नुकतीच सरली होती. मी पाचवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. होटगी स्टेशनातल्या आपल्या क्वार्टरच्या दोन खोल्या, बाबांची कधी दिवसाची तर कधी रात्रीची ड्युटी, आणि अंगावरून वारं गेल्यामुळे अंथरुणाला खिळलेली त्यांची आई. तिला कूस बदलायची असली तरी तू लागायचीस, त्यामुळे सोलापूर एवढं जवळ असून तू कैक वर्षांत भावाच्या घरी राहिली नव्हतीस. पॅसेंजर गाडी समोरून जायची, तू दारात उभी राहून बघायचीस आणि आत यायचीस. त्या उन्हाळ्यात आत्या राहायला आली. दोन दिवस तिनं तुझी धावपळ बघितली आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या हातातलं भांडं काढून घेतलं. "जा की वैनी. भावाच्या घरचं पाणी पिऊन ये. म्हातारीला मी बगते." तू नाही म्हणालीस. आत्या म्हणाली, "आखितीला लेकीबाळी माहेराला जातात, तू काय दगडाची हायस व्हय?" तेव्हा तू पदरानं तोंड पुसलंस आणि लगेच कडक भाकरी करायला बसलीस. आम्हाला तीन संध्याकाळी मिळाल्या होत्या. अक्षय तृतीयेला सकाळी निघायचं आणि चौथ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परत.

मामा तुझा धाकटा भाऊ, कापडाच्या गिरणीत सूत खात्यात होता. गिरणीच्या चाळीत त्याचं बिऱ्हाड, पाठीमागच्या बोळात तेलुगू विणकरांची घरं, त्यामुळे दिवसभर मागांची खडखड चालायची. मला तो आवाज फार आवडला होता. आमच्याकडे आवाज म्हणजे गाडीचा, येतो आणि जातो. इथला आवाज जातच नव्हता. आम्ही जाऊन पाणी प्यायलो न प्यायलो तोच रस्त्यावर कर्णा वाजला. टांग्याला दोन्ही बाजूंनी रंगीत फलक बांधलेले, आत बसलेला माणूस ओरडतोय आणि मुठीमुठीनं कागद उधळतोय. गुलाबी, पिवळे, हिरवे. मी आणि मामाची पोरगी अनवाणीच धावलो. डांबर तापलेलं, पाय भाजत होते, तरी एकेक कागद वेचत आम्ही कोपऱ्यापर्यंत गेलो. तासाभरानं दुसरा टांगा आला, दुपारी तिसरा. दुष्काळात दोन उन्हाळे सगळं बंद होतं, लोक खडी फोडायला जात होते. तेव्हाचं राहिलेलं सगळं या एकाच उन्हाळ्यात गावात येऊन उतरलं होतं, असं मामी म्हणाली.

मग मामाच्या पुढच्या खोलीत फरशीवर मी ते कागद मांडले. सगळे भोवती बसले आणि मी एकेक वाचू लागले. बसवजयंतीची मिरवणूक त्याच दिवशी होती, त्यावर काही वाद नव्हता, मामा तर मिरवणुकीतला कार्यकर्ताच. मग प्रदर्शन, आकाशपाळण्यासकट. मग संगीत नाटक, जे मामीला हवं होतं. पण ते उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणार, पोरं घेऊन कसं बसायचं, असं म्हणून तिनंच सुस्कारा टाकला. मग व्याख्यानं. मामाचा पोरगा म्हणाला, "ते शाळेत असतंय की." आणि मग सर्कस! त्या कागदावर वाघाच्या जबड्यात डोकं घातलेला माणूस होता. मी तो कागद छातीशी धरला. दोन वर्षं मी फक्त सर्कशीबद्दल ऐकत होते. आमच्या वर्गातल्या स्टेशनमास्तरांच्या मुलीनं पाहिली होती आणि ती रोज सांगायची. आदल्या दिवशीच्या खेळाची तिकिटं संपल्याचं मामा म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळचा खेळ शेवटचा, मग मुक्काम हलणार. ठरलंच. पहिली संध्याकाळ मिरवणूक, दुसरी प्रदर्शन, तिसरी सर्कस. मामीनं चुलीपाशी वळून विचारलं, "वन्स, तुमाला काय बगायचंय?" तू भाकरी थापत होतीस. "मला काय, तुमी न्याल तितं येते," म्हणालीस.

एक कागद उरला होता, साधा, पांढरा, चित्र नसलेला. तो बाजूला टाकता टाकता मी उगाच वाचला. जंगी कुस्त्यांचं मैदान. पहिल्या नंबरची कुस्ती निकाली होणार. तुझी थाप थांबली. मला वाटलं भाकरी मोडली. तू पाठमोरीच होतीस.

"परत वाच."

मी परत वाचलं. तू विचारलंस, "जोड कुणाची हाय?" मी पैलवानांची गावं वाचली, एक कोल्हापूरकडचा, दुसरा अक्कलकोटकडचा. "आणिक एकदा वाच," म्हणालीस. परातीत तुझे हात तसेच पिठात होते. मग तू वळलीस आणि म्हणालीस, "मला हे बगायचंय."

मामा मोठ्यानं हसला. तू हसली नाहीस, तेव्हा त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "अक्का, खुळी का काय तू? कुस्त्या बघायला बाया जात्यात व्हय?" तू म्हणालीस, "मी जात हुते की." आणि तेव्हा पहिल्यांदा मला कळलं, अव्वा. तुझे वडील पैलवान होते हेही मला धड ठाऊक नव्हतं. माझ्यासाठी ते भिंतीवरच्या फोटोतले मिशीवाले अज्जा. गोठ्यामागं त्यांची तालीम होती, तिथली तांबडी माती तू चाळायचीस, तिच्यात ताक आणि तेल आणि लिंबू घालून मळायचीस. मामा तेव्हा रांगत होता. अज्जा तुला खांद्यावर बसवून जत्रेजत्रेतली मैदानं दाखवायचे आणि घरी येताना विचारायचे, सांग कुणी कुणाला कशानं पाडलं? तू सांगायचीस. मग एका वर्षी तू खांद्यावर चढायला गेलीस तर त्यांनी खाली उतरवलं. "आता तू मोठी झालीस. आता घरी." तेवढंच. त्यानंतर मैदानाची हलगी लांबून ऐकू यायची आणि तू घरात. हे सगळं तू कुणाकडेही न बघता सांगितलंस आणि परत भाकरी थापू लागलीस, जरा जोरानंच.

पण कुस्त्या तिसऱ्याच दिवशी होत्या. सर्कस आणि कुस्त्या, एकाच संध्याकाळी. मामा म्हणाला, "झालं तर मग. पोरांची सर्कस ठरलीय. शिवाय मला गिरणीत तोंड दाखवायचं हाय, अक्का. लोक म्हणतील, ह्याची बहीण लंगोटवाले बगायला बसली हुती." त्यावर तू जे बोललीस ते मी कधी विसरले नाही. आवाज अजिबात चढवला नाहीस. "मला तीन संध्याकाळी मिळाल्यात. एक देवाची झाली. एक पोरांची. तिसरी माजी." मामीनं तव्यावरची भाकरी उलटवली आणि कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाली, "पोरास्नी सर्कशीला मी नेते. वन्संबरोबर तुमी जावा."

पहिल्या संध्याकाळी मिरवणुकीत हलग्या आणि लेझीम आणि गुलाल, माझा नवा परकर लालेलाल झाला. दुसऱ्या संध्याकाळी आकाशपाळण्यात तू माझ्या शेजारी बसलीस, वर गेल्यावर डोळे मिटून घेतलेस आणि खाली आल्यावर म्हणालीस, "परत बसू या." उसाचा रस प्यायलो, बर्फाचा गोळा खाल्ला, माझी जीभ लाल झाली, तुझीही झाली. तिसऱ्या संध्याकाळचंही ठरलेलं होतं. तू मला सांगून टाकलं होतंस, "तू जा मामीबरोबर. वाघ बग." मामाच्या पोरीनं तर आम्ही कुठं बसायचं तेही ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी सर्कशीतला हत्ती जाहिरातीसाठी रस्त्यावरून निघाला. आमच्या चाळीपुढूनच गेला. एवढा मोठा, एवढा सावकाश, आणि त्याच्या डोळ्याभोवती किती सुरकुत्या. सगळी चाळ बाहेर आली. मी मागे वळून तुला बघितलं, तर तू दारातही नव्हतीस. आत कडीला अडकवलेल्या आरशापुढं उभी राहून तू लावलेलं कुंकू पुसून परत लावत होतीस. मी आत आले आणि म्हणाले, "अव्वा, मी तुज्याबरोबर येणार." तू विचारलंस, "आणि वाघ?" मी म्हणाले, "हत्ती बघितला की." मामाची पोरगी माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

मामा आमच्या पुढं वीस पावलं चालत होता. आपला आणि या बायकांचा काही संबंध नाही असं दाखवायचं होतं त्याला, पण दर कोपऱ्यावर थांबून आम्ही मागे आहोत ना ते चोरून बघत होता. तुझ्या हातात शेंगा आणि गुळाची पुरचुंडी होती. ऊन कलायला लागलं होतं तरी रस्ता तापलेलाच. मैदान जवळ आलं तशी हलगी ऐकू आली आणि तू चालायचा वेग वाढवलास. मला धावावं लागत होतं. शेवटी तू मामालाही मागं टाकलंस! तो "अक्का, थांब की, अक्का" करत आमच्या मागून. मैदानाच्या तोंडाशी भगवा फेटा बांधलेले एक म्हातारे वस्ताद उभे होते. त्यांनी हात आडवा धरला. "बाई, हितं कुटं? बायकांची जागा न्हाय हितं." मामानं मान खाली घातली. तू पदर सावरलास.

"न्हाय तर करा की. मी पैलवानाची लेक हाय. लांबनं आलेय."

त्यांनी तुझ्याकडे नीट बघितलं. कुठल्या पैलवानाची, ते विचारलं. तू अज्जांचं नाव सांगितलंस. ते नाव त्यांनी कधी ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. पण हात खाली आला. "मग असं म्हणा की. या." कडुनिंबाखाली त्यांचीच सतरंजी होती, ती झटकून त्यांनी आपल्याला बसवलं. आजूबाजूचे पुरुष वळून बघत होते. काही हसले. एक जण काहीतरी बोललाही. तू कुणाकडंच बघितलं नाहीस. तू मातीकडं बघत होतीस. नुकतंच पाणी शिंपडलं होतं, तिचा वास आमच्यापर्यंत येत होता, आणि तू तो वास एवढा खोल घेतलास की मला वाटलं तू आता रडणार. तू रडली नाहीस. पुरचुंडी सोडून मला चार शेंगा दिल्यास.

लहान जोड्या आधी झाल्या. सुरुवातीला तू शेंगा सोलत बघत होतीस. मग हळूच पुटपुटू लागलीस, आता पट काढंल, बग, काढला. हा नुसता ताकदीचा हाय, डोकं न्हाय. ह्यो पोरगा चांगला हुईल. मी विचारलं, "अव्वा, तो असा का वाकला?" तर म्हणालीस, "मदी बोलू नकोस. नोड!" आपल्या घरात नोड म्हणजे बघ. रागावलीस की तुझी कानडी बाहेर यायची, आणि आनंदातही. त्या दिवशी नक्की कशामुळं आली ते कळायला मार्ग नव्हता.

मग पहिल्या नंबरची जोड. कोल्हापूरकडचा पैलवान आत आला तेव्हा मला वाटलं, दुपारचा हत्तीच आला. अक्कलकोटकडचा पोरगा त्याच्यापुढं वाळक्या शेंगेसारखा. दोघांनी शड्डू ठोकले, माती कपाळाला लावली आणि भिडले. थोड्याच वेळात थोराडानं पोराला खाली घेतलं आणि त्याच्या पाठीवर बसला. बराच वेळ काही हलेना. लोक कंटाळून ओरडू लागले. तू माझं मनगट धरलं होतंस, इतकं घट्ट की नंतर तिथं तुझ्या बांगडीचा वळ होता. "दमव त्याला," तू म्हणत होतीस, "पडून ऱ्हा, दमव त्याला." पोरगा निसटला. उभा राहिला. पुन्हा खडाखडी. आणि मग थोराड अंगावर आला तसा पोरगा खाली वाकून त्याच्या काखेखालून घुसला, एक हात त्याच्या मांडीत घातला आणि ते सगळं ओझं खांद्यावर आडवं घेतलं. कलाजंग डाव. पण ओझं फार होतं. पोराचे गुडघे लटपटले. हलगीसुद्धा थांबली. तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी ओरडलं, "बिडब्याडो! बिडब्याड!"

सोडू नको रे, सोडू नको. एवढ्या हजारो पुरुषांमध्ये बाईचा एकच आवाज, आणि तोही कानडी. पोराचे गुडघे थांबले. थोराडाची पाठ मातीला लागली.

पुढं काय झालं ते सांगता येणार नाही इतकं झालं. फेटे हवेत गेले, हलग्या वेड्यासारख्या वाजू लागल्या, लोक आत धावले. मागून मामाचा आवाज येत होता. मघापासून ओळख न दाखवणारा तो आता अनोळखी माणसांचे खांदे धरधरून सांगत होता, "आमची अक्का हाय ती! माजी थोरली भैन हाय!" पोराला लोकांनी खांद्यावरून फिरवलं. आपल्या सतरंजीपाशी आल्यावर तो खाली उतरला. सगळं अंग लाल माती, फक्त डोळे पांढरे. तुझ्यापुढं वाकून म्हणाला, "यव्वा, तुमी वरडलात व्हय? मला वाटलं माजी अव्वाच आली काय." तेव्हा मात्र तू लाजलीस. पदर तोंडावर घेतलास. काय करावं ते सुचेना म्हणून हातातली पुरचुंडी तशीच त्याच्या हातात दिलीस. तो तिथंच उभा राहून गूळ खाऊ लागला, लहान पोरासारखा, आणि तू म्हणालीस, "सावकाश. ठसका लागंल."

घरी आल्यावर सर्कशीहून परतलेल्या पोरांना वाघाचं सांगायला वावच मिळाला नाही. मामीनं विचारलं, म्हणजे नेमकं केलं काय त्यानं? तू म्हणालीस, थांब दाखवते. पदर खोचलास, माझ्या काखेखाली मान घातलीस आणि मला आडवी उचललीस. मामीच्या स्वयंपाकघरात! माझे पाय फडताळाला लागले, पितळी डबा घरंगळला, मामी किंचाळली, मामा टाळ्या पिटत होता, आणि तू मला खांद्यावर घेऊन गर्रकन फिरलीस. मागच्या बोळातल्या बाया मागांवरून उठून खिडकीशी आल्या. मामीनं त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या वर्षी मैदान भरलं तेव्हा त्यातल्या दोघी, मामी आणि तू अशा चौघी त्या कडुनिंबाखाली होत्या. म्हातारे वस्ताद सतरंजी आधीच घालून ठेवायचे. नंतर नंतर लोक तिला बायकांची जागाच म्हणू लागले.

आणि बाबा. चौथ्या दिवशी आपण परत आलो, मी धावत जाऊन त्यांना सगळं सांगितलं. तू आत आजीचं पांघरूण बदलत होतीस, आणि मला कळत होतं की तुझे कान बाहेर आहेत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराशी जाऊन म्हणाले, "इतकी वर्षं झाली लग्नाला. मला का न्हाय सांगितलंस? रजा काढून नेलं असतं की." तू म्हणालीस, "तुमी कुटं इचारलं?" दोघंही हसलात. मी तुम्हा दोघांना असं एकत्र हसताना फार वेळा बघितलेलं नाही.

नातीला मी हे अजून सांगितलेलं नाही. पण बाकी सगळ्यांना सांगितलंय, किती वेळा. शाळेत, लग्नानंतर सासरी, नोकरीच्या ठिकाणी डबा खाताना. तो कसा वाकला, हात कुठं घातला, गुडघे कसे लटपटले आणि थोराड कसा आडवा झाला, सगळं हातवारे करून. लोक म्हणतात, तू तर डोळ्यांपुढं उभं केलंस. आता हा कागद मी मिटून ठेवणार आहे, तेव्हा तुला म्हणून सांगते. तो डाव मी बघितलेलाच नाही. जे सांगते ते तू मामीला सांगितलेलं. पोरगा निसटला आणि तू उठून उभी राहिलीस ना, तेव्हापासून शेवटपर्यंत मी तुझ्याचकडं बघत होते.